शेवटच्या डब्याचा फलक : आगगाडीचा बोर्ड गेम खान्देशातून संगणकावर आणताना

'टिकेट टू राइड' हा खेळ आमच्या भुसावळच्या घरात २०१९च्या दिवाळीत आला. ताईच्या मुलाने, म्हणजे माझ्या भाच्याने, तो आणला होता. हॉलमध्ये सतरंजी टाकली, अमेरिकेचा नकाशा पसरला आणि चार पिढ्यांपासून रेल्वेचं मीठ खाल्लेल्या घरात रात्री एकपर्यंत रेल्वे चालली. आप्पा, माझे वडील, भुसावळ विभागात गार्ड होते. (या पदाला २०२२ पासून ट्रेन मॅनेजर म्हणतात, पण आमच्यासाठी ते गार्डच.) डेन्व्हर आणि डुलुथ कुठे आहे याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं. प्लास्टिकचे ते इवलेसे डबे मात्र ते एकाला एक लावून ठेवत, आणि शेवटचा डबा ठेवला की बोट वर करून म्हणत, "एलव्ही!"

त्या एलव्हीकडे पुढे येतो. आधी खेळ काय आहे ते थोडक्यात. अॅलन मून यांनी तो रचला, डेज ऑफ वंडरने २००४ साली काढला आणि त्याच वर्षी त्याला जर्मनीचा 'श्पील देस यारेस' पुरस्कार मिळाला. नकाशावर ३६ शहरं आहेत आणि त्यांच्यामध्ये रंगीत घरांचे मार्ग. प्रत्येकाकडे ४५ डबे असतात. पत्ते एकूण ११० : आठ रंगांचे प्रत्येकी १२ आणि कुठल्याही रंगाच्या जागी चालणारी १४ इंजिनं. आपल्या पाळीला तीनपैकी एकच काम करायचं. मांडलेल्या पाच उघड्या पत्त्यांतून किंवा झाकलेल्या गड्डीतून दोन पत्ते उचलायचे, किंवा पत्ते देऊन एक मार्ग घ्यायचा, किंवा नवी तिकिटं घ्यायची. तिकिटावर दोन शहरांची नावं असतात. ती जोडली तर गुण मिळतात, नाही जोडली तर तेवढेच कापले जातात. एका डब्याच्या मार्गाला १ गुण आणि सहा डब्यांच्या मार्गाला १५, त्यामुळे लांब मार्गाचा मोह सुटत नाही. कोणाकडे दोन किंवा त्याहून कमी डबे उरले की सगळ्यांना, त्याच्यासकट, एकेक शेवटची पाळी मिळते आणि डाव संपतो.

२०२३ मध्ये भाचा नोकरीला पुण्याला गेला. ताई लग्नानंतर सुरतेत उधन्याला राहते, मी जळगावात. खोका आप्पांच्या कपाटात गेला तो गेलाच. खेळाची अधिकृत संगणकीय आवृत्ती आहे आणि ती चांगली आहे. कोणाला नुसता खेळ हवा असेल तर मी तीच घ्या म्हणेन. आम्ही ती महिनाभर खेळलो. आप्पांनी मात्र एक दिवस विचारलं, "यात आपला नकाशा येणार नाही का?" भारताचा अधिकृत नकाशा २०११ साली निघाला आहे, पण आप्पांना हवे होते पाचोरा, अमळनेर, नंदुरबार. मी दिवसभर हिशोबाची सॉफ्टवेअर लिहितो. म्हटलं, घरापुरतं करून बघू.

घरापुरतं हा शब्द मी विचार करून वापरतोय. आपल्या पेटंट कायद्यात, १९७०च्या, खेळ खेळण्याच्या पद्धतीवर पेटंट मिळत नाही. प्रताधिकारही कल्पनेवर नसतो. तो चित्रांवर, नियमपुस्तिकेच्या मजकुरावर, नकाशाच्या मांडणीवर असतो, आणि नाव हा व्यापारचिन्हाचा वेगळा विषय आहे. म्हणून आम्ही त्यांचं नाव, चित्रं, नकाशा यातलं काहीच घेतलं नाही, नियम आमच्या शब्दांत लिहिले आणि दुवा घराबाहेर दिला नाही. ज्या माणसांनी एवढा सुंदर खेळ केला त्यांच्या ताटातलं ओढायचं नाही, हे पहिल्या दिवशीच ठरलं होतं.

नकाशा

पहिला नकाशा मी फक्त रुळांचा काढला. मनमाडहून चाळीसगाव, पाचोरा, जळगाव, भुसावळ. तिथून एक फाटा बोदवड, मलकापूरकडे आणि दुसरा रावेर, बऱ्हाणपूर, खंडव्याकडे. जळगावहून ताप्ती खोऱ्यातली लाईन : धरणगाव, अमळनेर, नरडाणा, शिंदखेडा, दोंडाईचा, नंदुरबार, नवापूर, उधना. चाळीसगावहून धुळे. आणि पाचोऱ्याहून जामनेर, आमची पीजे, नॅरोगेज. एकूण २० ठिकाणं.

कागदावर पहिला डाव खेळलो आणि तो पाळीगणिक मरत गेला. भाच्याने तिसऱ्याच पाळीला जळगाव–धरणगाव घेतलं. ताईकडे भुसावळ–नंदुरबारचं तिकीट होतं, माझ्याकडे पाचोरा–दोंडाईचा. दोन्ही तिकिटं तिथेच मेली. दुसरा रस्ताच नाही! मग मी मार्ग मोजले. २० ठिकाणं आणि १९ मार्ग. गणितात अशा जाळ्याला वृक्ष म्हणतात : कुठल्याही दोन ठिकाणांमध्ये जायला एकच वाट, कुठेही फेरा पूर्ण होत नाही. मूळ खेळाची सगळी गंमत, कोणी अडवलं तर वळसा घालून जाण्याची, वृक्षावर होऊच शकत नाही. आयुष्यभर या भागात राहून, शेकडो वेळा या गाड्यांनी फिरून, खान्देशातल्या रुळांना एकही वर्तुळ नाही हे मला त्या कागदाने सांगितलं. धुळ्याहून नंदुरबारला गाडीने जायचं तर चाळीसगाव, जळगाव करून अख्खा जिल्हा पालथा घालावा लागतो. म्हणून तर लोक एसटीने जातात.

आणि तेच उत्तर निघालं. एसटी. सातपुड्याच्या पायथ्याने शहादा, शिरपूर, चोपडा, यावल, रावेर हा अंकलेश्वर–बऱ्हाणपूर रस्ता. नवापूरहून साक्री, धुळे, पारोळा करत जळगावला येणारा सुरत–नागपूर महामार्ग. शिरपूर–धुळे हा आग्रा रोड. चोपडा–अमळनेर, यावल–भुसावळ, जामनेर–बोदवड. सहा नवी गावं आली, एकूण २६ झाली आणि नकाशाला फेरे मिळाले. एसटीच्या मार्गांची घरं राखाडी, म्हणजे कुठल्याही एका रंगाचे पत्ते चालतील.

आप्पांनी इथे एक नियम घातला. एसटीच्या रस्त्यावर इंजिनाचा पत्ता चालायचा नाही. "रस्त्यावर इंजिन कुठून आणणार?" आम्हा तिघांना तो फार आवडला. पुढे त्याच नियमाने सर्व्हर बंद पाडला. उलट बऱ्हाणपूर–खंडवा, जिथे लाईन अशीरगडाजवळून सातपुडा ओलांडते, तिथे एक तरी इंजिन द्यायलाच हवं असं ठरलं. युरोपच्या नकाशात फेरीबोटीच्या मार्गांना असंच इंजिन लागतं, तिथून ते सुचलं.

नकाशा लहान म्हणून सामानही कमी केलं. प्रत्येकी २८ डबे. सहा रंगांचे दहा-दहा पत्ते आणि दहा इंजिनं, मिळून ७०. मूळ खेळात प्रत्येक रंगाची वाघीण वेगळ्या घडणीची असते. काळ्या-निळ्यात गोंधळणाऱ्या माणसालाही चित्रावरून कळतं. आम्हीही तेच केलं. पिवळी केळीची, रावेर-सावद्याहून दिल्लीकडे जाते ती. पांढरी कापसाची. काळी दीपनगरच्या वीज केंद्राला जाणारी कोळशाची. लाल नंदुरबारच्या मिरचीची. निळा तेलाचा टँकर. आणि हिरवा गार्डाचा डबा, तो आप्पांचा.

मदत करणारं यंत्र

आता संगणक. पहिली आवृत्ती मी सहा आठवड्यांत उभी केली आणि मला तिचा अभिमान होता. आपली पाळी आली की हातातल्या पत्त्यांनी घेता येतील असे सगळे मार्ग उजळायचे. तिकिटावर बोट ठेवलं की दोन गावांमधली सर्वांत जवळची मोकळी वाट दिसायची आणि किती पत्ते कमी आहेत तेही. सर्वांत लांब सलग मार्ग सध्या कोणाचा, हे कोपऱ्यात सतत दिसे. भाच्याला हे सगळं झकास वाटलं.

पहिल्या दोन महिन्यांत ११ डाव सुरू झाले आणि ४ पूर्ण झाले. बाकीचे कुठे थांबले ते मी नोंदींमध्ये बघितलं. सातपैकी पाच आप्पांच्या पाळीवर थांबले होते. मला वाटलं, अक्षरं लहान असतील, फोन अवघड जात असेल. रविवारी भुसावळला गेलो, त्यांच्या शेजारी बसलो. चष्मा ठीक होता, बोट बरोबर चालत होतं. धुळे–भुसावळ तिकीट आलं, त्यांनी त्यावर बोट ठेवलं, पारोळ्यावरून जाणारी वाट उजळली आणि त्यांनी फोन खाली ठेवला.

"माले रस्ता दखाडू नको," ते म्हणाले. "मी मोजी लिसू."

आप्पा शिंदखेड्याकडचे. मनापासून काही सांगायचं असलं की अहिराणीत बोलतात. या माणसाने या लाईनींवर उभी हयात काढली, कुठल्या स्टेशनावर गाडी लूपला घेतात हे झोपेतही सांगेल. त्याला मी वाट दाखवत होतो. खेळात त्यांचा आनंद होता तो नकाशाकडे बघत बसण्याचा. ते काम मी यंत्राला देऊन टाकलं होतं आणि त्यांच्याकडे राहिलं होतं नुसतं बोट दाबणं.

त्या दिवसापासून मी प्रत्येक सोयीला एकच प्रश्न विचारला. सतरंजीवर ही गोष्ट कशी कळायची? डोळ्यांना दिसायची, मोजावी लागायची, की झाकलेली असायची? दिसायची ती पडद्यावर दिसलीच पाहिजे. समोरच्याच्या हातात पत्त्यांचा पंखा जाड आहे की पातळ, हे सतरंजीवर न विचारता दिसतं, आणि मी नेमकं तेच पहिल्या आवृत्तीत दाखवलं नव्हतं! आता प्रत्येकाच्या नावाजवळ पत्त्यांचा आणि उरलेल्या डब्यांचा आकडा असतो. मोजावं लागायचं ते मोजू द्यायचं. म्हणून वाट शोधणं काढलं, मार्ग उजळणं काढलं, लांब मार्गाचा हिशोब डाव संपल्यावरच येतो. उघडे पत्ते कोणी कुठले उचलले हे सतरंजीवर लक्षात ठेवावं लागतं, म्हणून चालींची यादी फक्त शेवटच्या फेरीची दाखवतो. भाच्याला मार्ग उजळणं हवं होतं. त्याच्यापुरतं ठेवता आलं असतं, पण एकाच्या हातात दुर्बीण देऊन चौघांचा डाव होत नाही. तो दोन दिवस नाराज होता.

झाकलेल्या गोष्टींची कथा वेगळी आहे. पहिल्या आवृत्तीत मी पूर्ण डाव, सगळ्यांचे पत्ते आणि तिकिटं, प्रत्येकाच्या ब्राउझरला पाठवत होतो आणि पडद्यावर फक्त त्याचे दाखवत होतो. ही चूक होती, आणि ती भाच्याने पकडली. त्याने ब्राउझरची तपासणीची खिडकी उघडली आणि मला फोन केला, "मामा, तुझ्याकडे मनमाड–रावेर आहे ना?" त्याने ते वापरलं नाही, लगेच सांगितलं, याचं मला कौतुक आहे. आता सर्व्हर प्रत्येकाला वेगळं पान पाठवतो : आपले पत्ते पूर्ण, दुसऱ्यांचे नुसते आकडे, गड्डीचा क्रम कोणालाच नाही. डाव संपला की गड्डीचा सुरुवातीचा क्रमही सगळ्यांना उघडा होतो. सतरंजीवर पिसणारा हात दिसतो म्हणून कोणी शंका घेत नाही. यंत्राचा हात दिसत नाही, तर निदान मागाहून तपासता यावं.

एलव्ही

मार्ग घेण्यासाठी पहिल्या आवृत्तीत एकदा दाबायचं आणि सगळे डबे एकदम उमटायचे. ताईने भाकऱ्या थापताना एका हाताने खेळताना दोनदा भलताच मार्ग घेतला. रीत अशी असते की 'नक्की का?' अशी चौकट आणायची. मी आणली. लोक ती न वाचता 'हो' दाबतात, ताईनेही दाबलं.

उत्तर आप्पांच्या बोटात होतं. रेल्वेत गाडीच्या शेवटच्या डब्यावर 'एलव्ही' लिहिलेला फलक असतो, 'लास्ट व्हेइकल' याची आद्याक्षरं. गाडी स्टेशनातून गेली की तिथला माणूस तो बघतो. फलक दिसला म्हणजे गाडी पूर्ण आली, मागे कुठे डबे तुटून राहिलेले नाहीत. तो दिसेपर्यंत मागचा सेक्शन मोकळा धरत नाहीत. आप्पांच्या अख्ख्या नोकरीची जबाबदारी त्या एका फलकात होती.

आता आमच्या खेळात मार्गावरून बोट ओढलं की डबे एकेक करून लागतात, प्रत्येकाला एक छोटा 'टक' आवाज. पत्ते तेव्हाच हातातून जात नाहीत. सगळे डबे लागले की शेवटच्या डब्यामागे पिवळा फलक येतो, तो बोटाने डब्यावर बसवायचा. बसला की मार्ग तुमचा. नाही बसवला तर डबे परत निघतात. चौकट गेली, आणि तेव्हापासून भलता मार्ग घेतल्याचा एकही फोन आलेला नाही. पाच डब्यांच्या मार्गाला पूर्वीपेक्षा तीन-चार सेकंद जास्त लागतात. संगणकाच्या धंद्यात आम्ही सेकंद वाचवायला शिकतो. इथे ते खर्च केले आणि मार्ग घेतल्याचं समाधान त्यातच आहे, हे मला डब्यांच्या त्या आवाजाने पटवलं.

चाल परत घेण्याचा प्रश्नही यातूनच सुटला. मार्ग घेतल्याने झाकलेलं काही उघडं होत नाही, म्हणून पुढच्याने खेळेपर्यंत तो परत घेता येतो. गड्डीतला पत्ता एकदा पाहिला की परत नाही. ताई पहिला पत्ता उचलून पोळपाटाकडे जाई, फोन बंद पडे, पान नव्याने उघडलं की यंत्र तिला पुन्हा दोन पत्ते देई. अर्धी पाळीही नोंदली गेली पाहिजे, हे मी तेव्हा शिकलो. आता प्रत्येक लहान हालचाल एका ओळीत साठते आणि डाव त्या ओळींवरून पुन्हा उभा राहतो. स्टेशन मास्तरांच्या गाड्यांच्या रजिस्टरसारखं : खोडायचं नाही, पुढची नोंद करायची.

सिग्नलला उभी गाडी

नियम असा आहे की उघड्या पाच पत्त्यांत तीन इंजिनं आली तर पाचही बाजूला टाकून नवे पाच मांडायचे. मी तो जसाच्या तसा लिहिला : तीन इंजिनं आहेत तोवर, टाका आणि मांडा.

एका रात्री मी तीन यांत्रिक खेळाडू बनवून डाव तपासायला लावला आणि झोपलो. पहाटे पाचला आप्पांचा फोन. ते त्याच वेळी खेळतात. "गाडी सिग्नलले उभी शे का रे?" सर्व्हर गोठला होता, आणि त्याच्याबरोबर त्यांचा खरा डावही.

शोधायला सकाळ गेली. एसटीच्या रस्त्यावर इंजिन चालत नसल्याने माझे यांत्रिक खेळाडू रंगीत पत्तेच गोळा करत बसले होते. खेळाडूंच्या हातात मिळून ६१ पत्ते, उरले ९ : सात इंजिनं, दोन रंगीत. दोनच रंगीत असताना कुठलेही पाच पत्ते मांडा, किमान तीन इंजिनं येणारच. यंत्र टाकत होतं, पिसत होतं, मांडत होतं, पुन्हा टाकत होतं, रात्रभर. ११० पत्त्यांच्या मूळ गड्डीत असं व्हायला फारच साठेबाजी लागेल. आम्ही गड्डी ७०वर आणली, इंजिनांचा उपयोग कमी केला आणि खड्डा स्वतः खणला. सतरंजीवर हे झालं असतं तर दुसऱ्याच खेपेला ताई म्हणाली असती, "राहू दे, असेच असू दे," आणि डाव पुढे गेला असता. ते 'राहू दे' मला लिहावं लागलं : टाकण्याआधी सगळे उरलेले पत्ते मोजा, रंगीत तीनापेक्षा कमी असतील तर आहेत तसेच ठेवा. दोन ओळी.

लांब मार्गाच्या मोजणीतही एक चूक होती. एका गावातून दोनदा जाता येतं, फक्त तोच मार्ग दोनदा मोजायचा नाही. मी गावच दोनदा येऊ देत नव्हतो. ताईचे सहा डबे बुडाले होते. दुरुस्त केलं.

या दिवाळीपासून गुढीपाडव्यापर्यंत २६ डाव सुरू झाले, २३ पूर्ण झाले. थांबलेल्या तिन्हींत पाळी माझी होती, मार्चअखेरच्या कामात. आप्पा सर्वांत जास्त जिंकत नाहीत. पाचोरा–जामनेर हा दोन डब्यांचा, दोनच गुणांचा मार्ग ते दरवेळी आधी घेतात. खरी पीजे २०२०च्या टाळेबंदीत थांबली. आमच्या नकाशावर ती अरुंद घरांची, पण चालू आहे.

एक काम बाकी आहे. धुळ्याजवळच्या बोरविहीरपासून नरडाण्यापर्यंतच्या नव्या लाईनचं बांधकाम चालू आहे, मनमाड–इंदूर मार्गाचा तो पहिला तुकडा. ती पूर्ण झाली की धुळे, चाळीसगाव, पाचोरा, जळगाव, अमळनेर, नरडाणा आणि परत धुळे असा फेरा रुळांवरूनच जुळेल. खान्देशाच्या त्या झाडाला पहिलं वर्तुळ. आप्पांनी सांगितलं म्हणून धुळे आणि नरडाण्याच्या मध्ये मी तीन घरं तुटक रेषेने काढून ठेवली आहेत. त्यांच्यावर बोट ओढलं तर काही होत नाही. कोडमध्ये त्या मार्गाची ओळ लिहिलेली आहे, तिच्यापुढे सध्या 'बंद' असं आहे, आणि पहिली गाडी गेली त्या संध्याकाळी तो शब्द बदलायला मी भुसावळला जायचं, असं आप्पांनी माझ्याकडून कबूल करून घेतलं आहे.